चुन्याच्या ढिगातला दात

"दात येडाईचाच हाय. तुझ्या मास्तराच्या तोंडातनं न्हाय पडलेला," आत्या म्हणाली.

"मास्तराला कशाला मधी आणता?"

"मंग तू सांग कुणाचा हाय. लई शिकलास न्हवं, सातवीपत्तूर."

"सातवीत नापास झालो."

"त्येच म्हणायलेय मी."

आबा उंबऱ्यात बसून चिलीम कोरत व्हते. त्यांनी वर बघितलं न्हाय. अक्का चुलीपशी पीठ मळत व्हती, तिनं बी न्हाय. म्या खुट्टीवरची माळ काढली आन् आत्याच्या म्होरं आपटली. आत्यानं आधी मला कानफाटीत दिली, मंग वाकून माळेच्या पाया पडली.

आत्या म्हंजी आबांची थोरली बहीण, दगडाबाई. येरमाळ्यातला आराध्यांचा मेळा तिचा. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवारी आन् पुनवंला जोगवा मागायचा, डोंगरावर देवीम्होरं रातभर गाणी म्हणायची. आमच्या आईच्या गळ्यात बी माळ व्हती, आजीकडनं आलेली. फरक एवढाच की आईच्या माळंत मधोमध दात व्हता. दोन बोटं रुंद, तिकोनी, काळपट, वरनं भोक पाडून दोऱ्यात ओवलेला. घरातली गोष्ट अशी की येडाई राक्षसासंगं लढताना तिचा दात पडला, त्यो आमच्या कुठल्या तरी खापरपणजीच्या परडीत आला. म्हणून ह्या घरातली एक बाई देवीची. आजी झाली, आई झाली.

आई पौषात तापानं गेली. म्या रडलो न्हाय. लोकं म्हणली पोरगं दगड हाय. असंल. तवापास्नं भाकरीची चव कळत न्हाय एवढंच, बाकी काय न्हाय.

आता आत्याचं म्हणणं, चैती पुनवंच्या जत्रंत माळ सत्याच्या गळ्यात घालायची. सत्या म्हंजी सत्यभामा, माझी अक्का. आन् तिकडं कळंबच्या अण्णाराव आडत्यानं तिला मधल्या पोरासाठी पसंत केलेली. पोरगा म्या बघितलाय, बरा हाय, कमी बोलतो. अण्णारावांनी एकच अट घातली व्हती. म्हणले, "पोरगी आवडली. पर माळेची सून आमाला झेपायची न्हाय. परडी घिऊन मोंढ्यात फिरली तर माणसं मलाच इच्यारतील, आडते, धंदा बसला व्हय?" सगळे हसले व्हते, आबा बी.

म्हंजी माळ घातली की सोयरीक मोडली. इतकं सरळ व्हतं ते. अक्काला काय पायजे ते कुणी इच्यारलं न्हाय, म्या बी न्हाय. म्या दाताकडंच बघत व्हतो. दात देवीचा नसला तर घरातली एक बाई देवीची कशाला?

आमची चुन्याची भट्टी हाय, गावाभाईर, मोठ्या सडकंच्या अंगाला. रानातली चुनखडी आणायची, निवडायची, गोवऱ्यांच्या थरात रचायची आन् भाजायची. निवडायचं काम माझं. पांढरा आत, काळा भाईर. काळा खडा भट्टीत गेला तर तडतडून फुटतो न्हायतर तसाच राहतो, चुन्यात खडे लागतात. शंका आली की खडा जिभंला लावायचा. चुनखडी जिभंला चिकटती, काळा दगड नुसताच गार लागतो. माझ्या हातनं काळा कवा सुटला न्हाय. आबा माझं तेवढंच कौतिक करतात.

निवडताना काय काय मिळायचं. गारगोट्या, शिंपल्यासारखे दगड, आतनं हिरव्या सुया असल्यासारखे गोटे. ते म्या राघवेंद्र गुरुजींना नेऊन द्यायचो. गुरुजी तुळजापूरचे, बामण उपाध्यांच्या घरातले, आमी मुंबई राज्यात गेलो त्या साली आमच्या शाळंत आले. त्यांनी वर्गात एक कपाट केलं व्हतं आन् पोरांनी आणलेले दगड त्यात मांडायचे. एकदा ते म्हणले, "बिभीषण, तुझं डोकं कपाटात ठेवावं का, दगडांच्या रांगेत?" पोरं हसली. म्या भितीवर दौत फेकली आन् शाळा सोडली. कपाट न्हाय सोडलं. दगड घिऊन जायचो, खिडकीतनं द्यायचो. गुरुजी बी दौतीचा विषय काढायचे न्हायत. भितीवरला डाग अजून हाय.

तर आत्या जोगव्याला गेली तवा म्या माळ सदऱ्यात घातली आन् गुरुजींकडं गेलो.

त्यांनी काच लावून लई वेळ बघितलं. वजन केलं हातानं. दाराच्या कडीवर वाजवून बघितलं.

"हा आता दगड आहे," गुरुजी म्हणले. "पण आधी दात होता. कुणाचा ते सांगू शकत नाही."

"वाघाचा?"

"वाघाचा सुळा गोल असतो. हा चपटा आहे. कडेनं नख फिरव."

म्या फिरवलं. करकरलं. ज्वारी कापायच्या विळ्याला दाते असतात, तसे बारीक दाते व्हते दोनी कडंला. वर मुळाला दोन फाटे. अख्खी उमर त्यो दात घरात व्हता आन् म्या कधी नख फिरवून बघितलं नव्हतं.

गुरुजींनी एक जाड पुस्तक काढलं आन् चित्र दाखवलं. शार्क म्हणून एक मासा असतो, समुद्रात, बैलगाडीएवढा. "जुळतोय खरा," ते म्हणले, "पण चित्रावर भरवसा ठेवून मी तुझ्या घरात भांडण लावणार नाही. खरा दात शेजारी ठेवून बघायला हवा."

"त्यो कुठं मिळंल?"

"समुद्रावर."

आमच्या गावात समुद्र बघितलेलं एक माणूस न्हाय. म्या उठलो, दारापत्तूर गेलो आन् तिथंच थांबलो. कळंबच्या बाजारात एक म्हातारी सुकट इकती. तिच्या पालाला एक वाळका जबडा टांगलेला असतो. दर बाजाराला त्याच्याखालनं जायचो म्या.

बाजारच्या दिवशी आमी दोघं एस्टीनं कळंबला गेलो. गुरुजी गुळाच्या दुकानापशी थांबले, नाकाला उपरणं लावून. म्होरं येईनात. म्या एकटा म्हातारीकडं गेलो. तिनं जबडा खाली काढून दिला. "मुशी हाय ही," म्हणाली. "बार्शीला बोंबलाच्या पोत्यात आली व्हती. मांजरं भेत्यात हिला, म्हणून टांगलीय."

गुरुजी तिकडनं वरडले, "मुळाला दोन फाटे आहेत का?"

"हायत."

"कडेला दाते?"

"हायत. बारीक."

"रंग?"

"पांढरा. आन् हलका हाय, हाडासारखा."

म्हातारी म्हणाली, "त्यो बामण तिथनं काय वरडायलाय?"

"माशाचा दात वळखायलाय."

"मंग सोबत सुकट बी घिऊन जा म्हणावं. नैवेद्याला व्हईल."

गुरुजींनी ऐकलं. त्यांचे कान तांबडे झाले, पर ते गेले न्हायत. म्या आमचा दात जबड्यातल्या दाताला लावला. जबड्यातला नखाएवढा, आमचा त्याच्या कितीतरी पट. बाकी तीच तऱ्हा, त्योच तिकोन, त्येच करवत.

येताना एस्टीत गुरुजी खिडकीकडं सरकून बसले, माझ्या हाताला वास येत व्हता म्हणून. ते म्हणले, "शार्कच. मातीत राहून राहून दगड झालेला. किती जुना ते मला माहीत नाही, लाखांनी वर्षं असतील. पण हा आपल्याकडचा नाही. आपला सगळा काळा दगड, आगीतून आलेला. त्यात मासा कुठला? कवड्या समुद्रावरून येतात ना, त्यांच्याबरोबर कुणी तरी आणला असेल, कुणा बाईला विकला असेल." मंग म्हणले, "कवड्यासुद्धा किड्याचीच घरं असतात बरं का." आन् उतरताना, "तुमच्या घरात नको झाला तर कपाटात ठेवू. असा दात मी पुन्हा बघणार नाही."

पुनवंच्या दिवशी म्या आत्याला सांगितलं. सगळं सांगितलं, म्हातारी, जबडा, करवत.

"मासा?" आत्या म्हणाली.

"व्हय. मुशी."

"वशाट?"

"व्हय की. वशाट."

ती भितीला टेकली. "मंगळवारी आमी कांदा खात न्हाय," म्हणाली. "आन् मंगळवारी म्या त्याला हळदकुंकू वाहिलं. माझ्या आईनं वाहिलं." मला वाटलं रडंल. न्हाय रडली. विळा घेतला, माळेचा दोरा कापला, दात काढून कोनाड्यात टाकला आन् माळ फिरून बांधली.

"दात गेला," ती म्हणाली. "माळ हाय की. उंद्या पोरीला न्हाऊ घाला."

"अवो आत्या, दातामुळंच तर म्हणत व्हता तुमी—"

"दात माशाचा निघाला. कवड्या तर देवीच्या हायत? का त्या बी कुणाच्या पोटातल्या हायत? इच्यार जा मास्तराला."

किड्याच्या घराचं जिभंवर आलं व्हतं. गुरुजींचं सांगितलं असतं तर तिनं मला विळ्यानंच हाणलं असतं, आन् माळ तरी बी ऱ्हायलीच असती.

अक्का तुटलेल्या दोऱ्याकडं बघत व्हती. "ती आईची गाठ व्हती," म्हणाली.

तिनीसांजंला ती गोठ्यात माझ्याकडं आली. "तुला कुणी सांगितलं व्हतं रे हे शोधायला?"

"तुझ्यासाठीच केलं की."

"मला इच्यारलंस?"

"मंग माळ पायजे व्हय तुला?"

"माळ नको. मला कळंबला जायचंय."

"मंग?"

"दात पायजे व्हता मला. तापात आई त्यो मुठीत धरून पडायची. तुला ठावं न्हाय. तू भट्टीवर असायचास."

तिनं म्हशीला चारा टाकला आन् गेली. म्या तिथंच बसलो. मला वाईट वाटायला पायजे व्हतं. बसून बसून पाय बधिर झाले, तेवढंच कळलं.

आमच्याकडं चैती पुनवंच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरनं खाली चुन्याच्या रानात येती. आलेलं हरेक माणूस रानातनं चुनखडीचे पाच खडे येचतं आन् ढिगावर टाकतं. त्याचाच चुना भाजून देवळाला लावतात. म्हातारी माणसं, कडेवरली पोरं, धाराशिवचे साहेब, सगळे खाली वाकून खडे शोधतात. त्या दिवशी अख्खा मुलूख माझंच काम करतो. औंदा भाजायचं काम आमच्या भट्टीकडं आलं व्हतं.

आत्यानं पाच खडे येचले आन् त्यांच्यासंगं दात बी ढिगावर टाकला. "जळू दे चुन्यात," म्हणाली. "लागू दे देवळाच्या भिताडाला. आमचं पाप फिटंल." ढीग माणसाच्या उंचीचा झाला व्हता. दात घरंगळला आन् दिसंनासा झाला. आमी सगळ्यांनी बघितलं.

मंग तिथंच आंब्याखाली मेळा बसला. हलगी वाजली, बायांनी गाणं धरलं. आत्या माळ घिऊन अक्काच्या म्होरं आली आन् दोन्ही हातांनी वर केली. अक्कानं माळ हातानं धरली.

"आत्या, ही आईची माळ न्हाय."

"आईचीच हाय. वाक."

"आईच्या माळंत दात व्हता. आजीच्या बी व्हता. तुमीच म्हणायच्या, दाताबिगर ह्या नुसत्या बाजारातल्या कवड्या. जशी आईनं घातली तशी द्या. घालते म्या."

आवाज चढवला न्हाय तिनं. म्या तिच्या जागी असतो तर माळ तोडून फेकली असती. हलगी थांबली. मेळ्यातली एक म्हातारी म्हणाली, "पोरगी बराबर बोलती, दगडाबाई. उकललेली माळ पोरीच्या गळ्यात घालत न्हायत. तू सोता शिकवलंस आमाला."

आत्यानं माळ खाली घेतली. "दात घिऊन येते. ढिगातच हाय."

"माशाचा?" कुणी तरी मागनं म्हणलं, आन् दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

"माशाचा असू दे. माळंतला हाय." मंग तिनं माझ्याकडं बघितलं. "बिभ्याच्या नजरंतनं काळा खडा सुटत न्हाय. भट्टी भरायच्या आत त्यो काढून देईल. देतूस का न्हाय?"

"देतो," म्या म्हणलो. दुसरं काय म्हणणार.

गावाकडं येताना अक्का माझ्या बाजूनं चालली. "सापडंल तुला?"

"सापडंल."

"मंग मला दे. आत्याला नको."

एवढंच बोलली ती.

ढीग गाड्यांनी भट्टीवर आला. म्या निवडायला बसलो. आत्या माझ्याम्होरं दगडावर बसली, गुडघ्याला हात बांधून, घारीसारखी. आबा थर रचत व्हते. पांढरा आत, काळा भाईर. लोकांनी काय बी येचलं व्हतं, काचा, बिब्बे, कोंबडीचं हाड, कुणाचं तरी जस्ताचं बटन. सूर्य डोक्यावर आला. आत्यानं पाणी बी पेलं न्हाय.

मला त्यो आधी दिसला. टोपलीत तळाला, दोन खड्यांच्या मधी, नुसतं टोक. म्या हात हळू केला न्हाय आन् जोरात बी केला न्हाय. वरचे खडे टाकले. मंग त्यो उचलला, एका खड्यासंगं, आन् जिभंला लावला, हरेक शंकंच्या खड्याला लावतो तसा. खडा खाली आला. दात गालात गेला.

गार व्हता. म्या निवडत ऱ्हायलो.

शेवटची टोपली झाली. "सापडला?" आत्या म्हणाली.

म्या मान हलवली, न्हाय म्हणून.

"तोंडानं बोल की."

म्या फिरून मान हलवली.

"काय हाय तोंडात?"

म्या आबांच्या चंचीकडं बोट केलं.

आत्या उठली आन् तिनं मला त्याच गालावर हाणली. लई जोरात. "आई जाऊन चार म्हयने झाले न्हायत आन् तंबाखू खातूस, मुडद्या." करवत आतनं गालात घुसली. तोंड रगतानं भरलं. म्या गिळलं. लागंल असं वाटलं व्हतं. न्हाय लागलं. नुसतं खारट लागलं. आई गेल्यापास्नं पयल्यांदा कशाची तरी चव कळली.

मंग आत्या सोता बसली आन् म्या निवडलेले काळे खडे फिरून बघायला लागली. तिला जवळचं दिसत न्हाय. हरेक खडा डोळ्यापशी धरायची. हात कोपरापत्तूर पांढरे झाले. आबा म्हणले, "अक्का, आता बास." आबा तिला अक्काच म्हणतात. ती थांबली. हातातला खडा खाली ठेवला.

"तुझी आई मला कधी उलट बोलली न्हाय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं न्हाय. "ही पोरगी बोलली."

उठली, हात झटकले. जाताना माझ्या गालाकडं बघितलं. वठाच्या कोपऱ्यात रगत आलं असंल. तंबाखूचा वास तर तिला आला नसणारच. उलसं थांबली. मंग आबांना म्हणाली, "पेटवा भट्टी."

माळ तिनं देवीच्या पायावर नेऊन घातली. तवापास्नं आमच्या खुट्टीला काय न्हाय. कळंबला निरोप गेला, अण्णारावांनी तीथ धरली.

गुरुजी काल आले व्हते, अहेर घिऊन. दाताचं इच्यारलं. म्या सांगितलं, भट्टीत जळाला. त्यांचं तोंड उतरलं. "तुकडा तरी?" म्हणले. म्या म्हणलो, तुकडा बी न्हाय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जसं काय माझंच काय तरी गेलंय. तवा सांगावं वाटलं व्हतं. न्हाय सांगितलं.

गाल अजून सुजलेला हाय. बाया म्हणायल्यात, नवरीचा भाऊ रडून रडून सुजला.

आज मांडवात सकाळपास्नं अक्काच्या भवती बायाच बाया हायत. दोनदा गेलो, दोनदा हाकललं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, फकस्त खिशाकडं. दात खिशात हाय, आईच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेला. तिला वाटत असंल सापडलाच न्हाय. भट्टी पेटवायच्या दिवसापास्नं आत्या तिच्या उशाला झोपती, बोलायची सवडच मिळाली न्हाय.

आता कान पिळायला हाक मारायलेत. नवऱ्याचा कान पिळायचा मान माझा, तिथं मला कुणी हाकलत न्हाय, आन् अक्का त्याच्या बाजूलाच हुबी असती, पदर म्होरं धरून. आत्या बी तिथंच हाय. बघू. चिंधी मुठीत घेतलीय. निघतो, मला आता जायलाच पायजे.